भिंतीपलीकडचा अडकित्ता

रात्री सगळं घर निजलं की फळ्यांच्या भिंतीपलीकडून तो आवाज यायचा. कट्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, कट्. अडकित्त्याच्या पात्याखाली सुपारी आधी हटून बसते आणि मग एकदम मोडते, त्या मोडण्याचा तो आवाज. त्याच्या मागोमाग पितळी तबकात खांडं पडल्याची बारीकशी किणकिण, आणि मग तात्यांचं घसा खाकरणं. तो खोकला असायचा की नुसतंच ‘मी आहे’ असं कुणाला तरी कळवणं, ते मला आजतागायत उमगलेलं नाही.

तात्या म्हणजे आमचे आजोबा. त्यांना झोप फार कमी. साताऱ्यात पेठेतला आमचा वाडा, पाठीशी अजिंक्यतारा. पावसाळ्यात यवतेश्वराच्या डोंगरावरून ढग खाली उतरले की चार-चार दिवस चौकातल्या पागोळ्या थांबायच्या नाहीत, कपडे वाळायचे नाहीत, पोळीच्या डब्यालाही ओलसर वास यायचा, आणि अशा रात्री माजघरात सतरंजीवर ओळीनं झोपलेल्या आम्हा पोरांना पावसाच्या त्या अखंड धारेतूनही अडकित्त्याचा आवाज तेवढा वेगळा ऐकू यायचा. डोळे मिटलेले, गोधडी नाकापर्यंत ओढलेली, ओळीच्या टोकाला आई. कट्. आणि झोप लागायची.

तशी झोप पुन्हा कुठल्याच घरात लागली नाही.

आता शाहूपुरीत आमच्या तीन गुंठ्यांवर घर बांधायचं चाललं आहे. बिऱ्हाडं दोन: एक आम्हा दोघांचं, एक मुलगा-सून आणि नातवाचं. जेवणाच्या टेबलावर हल्ली जेवण कमी आणि ट्रेसिंगचे कागद जास्त असतात, कागदांवर पेन्सिलीच्या रेघा, रेघांवर चहाच्या कपांची वर्तुळं. आमची आर्किटेक्ट अगदी तरुण मुलगी आहे. तिनं पहिल्याच बैठकीत प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि म्हणाली, घरात काय काय हवं ते ज्यानं त्यानं लिहून द्या, एकमेकांचं बघायचं नाही. मुलानं गाडीची जागा, इन्व्हर्टर, सोलर असं भराभर लिहिलं. ह्यांनी ‘सकाळचं ऊन आणि पेपर’ एवढंच लिहिलं. सुनेनं पान भरून काढलं. माझा कागद मात्र कोराच राहिला, कारण मला जे हवं होतं ते खोली, खिडकी, कपाट अशा कुठल्याच सदरात बसणारं नव्हतं. भिंत अशी हवी की पलीकडचा अडकित्ता ऐकू यावा, हे कसं लिहायचं? आणि तात्यांच्या मागं त्या घरात अडकित्ता चालवणारं तरी कोण उरलं होतं?

वाड्याचा नकाशा कुणी काढला असेल असं मला वाटत नाही. देवडी, चौक, चौकाभोवती सोपा, आत माजघर, त्याच्या पोटात स्वयंपाकघर, मागं परस आणि विहीर. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणायचं आणि खणांवर घर मोजायचं. बाहेरच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, इतक्या रुंद की खिडकीच्या तळाशी मांडी घालून बसता येई, आणि आतल्या भिंती मात्र लाकडी फळ्यांच्या, बोटभर जाडीच्या. जगापासून हातभर अंतर आणि माणसांपासून बोटभर, असा त्या घराचा हिशेब होता. बोळ किंवा पॅसेज हा प्रकारच नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दुसरीतून तिसरीत, म्हणजे कुणालाही कुठंही जायचं तर कुणाच्या तरी झोपेतून, जेवणातून, जपातून जावं लागे. आम्हा मुलांना ते स्वर्गासारखं होतं. मुलांना एकटेपणा नकोच असतो.

पण त्या घरात मोठी माणसंही राहत होती.

आईनं मला ती गोष्ट फार उशिरा सांगितली, माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाल्यावर, परसात भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता, माझ्याकडं न बघता. ती नवी नवरी म्हणून त्या वाड्यात आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत डझन-डझन हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, आणि रात्री कूस बदलताना त्या वाजू नयेत म्हणून ती डाव्या हातानं उजव्या हातातल्या बांगड्या घट्ट धरून ठेवायची आणि मगच वळायची. फळ्यांच्या पलीकडं सासरे जागे. अडकित्ता चाललेला. रडू आलं तरी तसंच, पदर तोंडात धरून. हसू आलं तरी तसंच. ‘पुढं पुढं,’ ती म्हणाली, ‘झोपेतसुद्धा हात आपोआप बांगड्यांवर जायचा बघ.’ आणि एक शेंग फोडून दाणे सुपात टाकत ती मधेच थांबली, स्वतःच्या मनगटाकडं बघत राहिली. तिथं तेव्हा दोनच बांगड्या उरल्या होत्या, सोन्याच्या, झिजलेल्या. त्यांचा आवाज होतच नव्हता.

तेव्हापासून तो आवाज मला एकटा आठवतच नाही. कट् आठवलं की त्याच्या पाठोपाठ न वाजलेल्या बांगड्या आठवतात. ज्या फळ्यांनी मला ती गाढ झोप दिली, त्याच फळ्यांनी माझ्या आईचे हात बांधून ठेवले होते. आणि तरीही तात्यांच्या अडकित्त्याकडं सगळ्यात जास्त कान असायचे ते तिचेच. एकदा मध्यरात्री आवाज थांबला. नेहमीच्या थांबण्याहून जास्त वेळ थांबला. आई कंदील घेऊन उठली, मी तिच्या लुगड्याला धरून मागं. दार ढकललं तर तात्या भिंतीला टेकून बसलेले, मांडीवर रिकामा अडकित्ता. आमच्याकडं बघून म्हणाले, ‘सुपारी संपली गं.’ आईनं काही न बोलता फडताळातून रोठा काढून दिला. आम्ही परत येऊन पडलो. कट्.

पुढं एका थंडीत पुन्हा तसाच थांबला. त्या वेळी तबकात सुपारी शिल्लक होती.

वाडा मग वाटण्यांत गेला. चौकातून विटांची भिंत घातली गेली, बहिणींनी हक्कसोड लिहून दिली, चुली तीन झाल्या, आणि काही वर्षांनी सगळंच विकलं गेलं. ती चौकातली भिंत मी पाहिलेली आहे. तिला प्लास्टर करायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी उघड्या विटा आणि सांध्यातून ओघळलेलं सिमेंट. रागानं बांधलेली भिंत अशी दिसते. म्हणून जेव्हा मुलानं ‘दोन वेगळी बिऱ्हाडं’ म्हटलं तेव्हा पोटात एकदम हललंच, आणि सून शांतपणे म्हणाली, ‘आई, भांडून भिंत घालण्यापेक्षा आधी विचारून घातलेली बरी.’ तिच्या बोलण्यात एक सरळपणा आहे, मला तो आवडायला वेळ लागला, पण आवडतो.

सुनेच्या त्या भरलेल्या पानावर पहिली ओळ होती ‘माझं स्वतःचं स्वयंपाकघर’. नातेवाइकांपैकी ज्यांनी ज्यांनी हे ऐकलं त्यांनी भुवया उंचावल्या. मला मात्र गंमत वाटली ती पुढं, आर्किटेक्टनं नियमावली उघडली तेव्हा. २०२० साली राज्यानं जी एकत्रीकृत नियमावली आणली तिच्यात स्वतंत्र बिऱ्हाड कशावरून ओळखायचं, तर त्याला स्वतःचं स्वयंपाकघर आहे का, यावरून. शयनगृहं कितीही असोत, दरवाजे कितीही असोत. जिथं वेगळं अन्न शिजतं ते वेगळं घर. आमच्या आज्यांनाही हे कळत होतंच. ‘वेगळी चूल’ म्हणताना त्या दुसरं काय म्हणत होत्या? सरकार एवढ्या कलमांतून फिरून शेवटी चुलीपाशीच आलं.

तर दोन स्वयंपाकघरं. पण ती कुठं, यावर कागद पुष्कळ झिजला. आर्किटेक्टचा पहिला आराखडा अगदी नीटस होता: आमचं बिऱ्हाड पश्चिमेला, त्यांचं पूर्वेला, मधे एक सरळ भिंत, आरशात पाहिल्यासारखी दोन्हीकडं तीच घरं. माझी झोपायची खोली आणि त्यांची झोपायची खोली पाठीला पाठ लावून. मी तो कागद बघितला आणि माझा हात नकळत मनगटावर गेला.

‘ही भिंत किती जाड?’ मी विचारलं.

‘नऊ इंची, आजी. आतल्या बाकीच्या साडेचार इंची.’

मग तिनं मला भिंतींबद्दल जे सांगितलं ते मी जीव लावून ऐकलं. भिंत दुप्पट जाड केली म्हणून पलीकडचा आवाज निम्मा होत नाही. कानाला निम्मा वाटायला त्याहून पुष्कळ काही करावं लागतं. आवाज भिंतीतून जातो त्याहून जास्त फटींतून जातो: दाराखालून, खिडकीच्या चौकटीतून, दोन्हीकडचे विजेचे बोर्ड एकमेकांच्या पाठीला लावले तर त्या खाचेतून. माणसाचं बोलणं हवेतून येतं, ते विटा बऱ्यापैकी अडवतात. पण खलबत्ता, खुर्ची ओढणं, मुलाचं धावणं हे स्लॅबच्या अंगातूनच पसरतं, त्याला पाच इंचांचं काँक्रीट काहीच नाही. आणि भिंतीला दोन्ही बाजूंनी कपडे भरलेली कपाटं लावली तर आवाज बऱ्यापैकी मुरतो. साड्या, स्वेटर, गोधड्या. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आईच्या फळ्यांना कुणीतरी एक गोधड्यांचं कपाट लावून द्यायला हवं होतं.

मग नकाशा बदलू लागला. त्यांच्या झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर गेल्या, आणि त्याही माझ्या खोलीच्या डोक्यावर न येता आमच्या बैठकीवर येतील अशा सरकवल्या, म्हणजे वरच्या पावलांचा हिशेब माझ्याकडं राहणार नाही. मधल्या भिंतीला जिथं जिथं खासगी काही टेकत होतं तिथं दोन्हीकडं कपाटं आली. फक्त एका जागी, जेमतेम पाच-सहा फुटांत, भिंत उघडी ठेवायची असं ठरलं: तिथं त्यांचा ओटा आणि माझा ओटा पाठीला पाठ लावून आहेत. म्हणजे पहाटे त्यांच्याकडं डब्याची गडबड सुरू झाली, कुकरची शिट्टी झाली, पोळीचा तवा आपटला, की मला कळेल. आणि मी सकाळी आलं ठेचलं की तिला. बाकीचं काही कळायला नको. न कळण्यातही माया असते, ती आमच्या वाड्याला परवडत नव्हती.

आर्किटेक्टनं एकदा बेलापूरचे फोटो दाखवले. नव्या मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी वसाहत बांधली, आठ मीटर लांबी-रुंदीच्या एकेका अंगणाभोवती सात-सात घरं. त्यातलं शहाणपण असं की प्रत्येक घर सुटं ठेवलं, का तर पुढं कुणाला मुलं झाली, आई-वडील राहायला आले, पैसा आला, तर शेजाऱ्याला न विचारता आपापलं घर वाढवता यावं. आणि लोकांनी ती वाढवली. इतकी, की मूळची घरं आता शोधावी लागतात. मला हे मनापासून पटलं, आणि तरी आमच्या घरात ते नको असं वाटलं. वाढायला मोकळं राहायचं तर सुटं राहावं लागतं, हे खरं. पण ज्यांचा ओटा आपल्या ओट्याला टेकलेला आहे त्यांना विचारल्याशिवाय आपल्याला खिळाही ठोकता येऊ नये, एवढी अडचण मला हवी होती. म्हातारपणी माणसाला अडचणीचाही आधार वाटतो.

मुलाला माझं हे आवाजाचं वेड फारसं कळत नाही. त्याला काळजी आहे, ती खरी आहे. तो म्हणतो, ‘आई, तुमच्या पलंगाशी बेल लावू, बाथरूममध्ये दोरीची बेल लावू, हवं तर हॉलमध्ये एक कॅमेरा, मोबाइलवर दिसेल.’ कॅमेऱ्याला ह्यांनी आणि मी एकाच वेळी नाही म्हटलं; आमचं इतकं एकमत पुष्कळ दिवसांनी झालं. बेलेला मी हो म्हटलं, बेल असूच दे. पण बेल आणि अडकित्ता यांत जो फरक आहे तो मी त्याला नीट सांगू शकले नाही, इथं सांगून बघते. बेल वाजत नाही तोवर सगळं ठीक, आणि वाजली की संकट. अडकित्त्याचं उलटं होतं. तो वाजत होता तोवर सगळं ठीक होतं, कुणाला उठावं लागत नव्हतं, कुणाला विचारावं लागत नव्हतं, ‘तात्या, बरे आहात ना?’ असं दारात उभं राहून म्हणावं लागत नव्हतं. ते आपल्या नादात, आम्ही आमच्या झोपेत. तो थांबला तरच उठायचं. बेल वाजवायला हात पोचावा लागतो, शुद्ध असावी लागते, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याला त्रास देण्याची तयारी असावी लागते. आमच्या पिढीचा हात बेलेपाशी जाऊन पुष्कळदा परत येतो.

म्हणून ओट्यामागची ती पाच-सहा फूट उघडी भिंत. रोज सकाळी सहाला मी आलं ठेचते. एखाद्या सकाळी ठेचलं नाही तर?

असो.

बाकीच्या गोष्टी सोप्या होत्या, त्या पटापट ठरल्या. न्हाणीघराचं दार तीन फुटांचं आणि बाहेर उघडणारं, कारण आत कुणी पडलं तर त्याच्याच अंगानं दार अडकून बसतं. आमच्या ओळखीत हे घडलेलं आहे. आतल्या कुठल्याच दाराला उंबरा नाही. बाहेरच्याला एक, पाऊण इंचाचा, लक्ष्मीच्या पावलांपुरता. जोतं दीड फुटाचं, म्हणजे खुर्चीवरून आत यायला एकास बाराच्या उतारानं अठरा फुटांचा उतार लागतो, ती अंगणाची एक सबंध बाजूच गेली. तिथं मोगरा लावायचा होता, तो आता उताराच्या कडेनं लावू. देव आमच्याकडं. टाकांची वाटणी होत नाही, आणि गौरींचं मुखवट्यांसकट बिऱ्हाड एकच, त्यामुळं आमची बैठक उगीचच जरा मोठी झाली आहे, आरतीला माणसं उभी राहावीत म्हणून. वर्षातले थोडेच दिवस, पण घर काही रोजच्या दिवसांपुरतं थोडंच बांधतात.

माझ्या खोलीची खिडकी मात्र मी हट्टानं दक्षिणेला घेतली. दूरच्या एका भाऊजींनी वास्तुशास्त्र काढलं. त्यांना चहा दिला. दक्षिणेला अजिंक्यतारा दिसतो हे एक कारण. दुसरं कारण ऊन. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याचा सूर्य भर दुपारी इतका डोक्यावर येतो की उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाशी नाहीशी होते. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा असला की ऊन आत फिरकत नाही. आणि डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा आकाशाच्या निम्म्याच उंचीवर, दक्षिणेकडं कललेला असतो, तेव्हा तेच ऊन छज्ज्याखालून वाकून आत येतं, फरशीवरून पुढं सरकत पलंगापर्यंत पोचतं. तात्यांच्या खोलीला असं ऊन होतं. थंडीत ते त्या उन्हाच्या पट्ट्यात पाय सोडून बसत आणि पट्टा सरकेल तसे सरकत. दुपारभरात अख्खी खोली ओलांडून व्हायची. आई त्यांना पाणी द्यायला जाई तेव्हा किती वाजले ते त्यांच्या बसण्यावरून ओळखायची.

जिन्यावर मात्र मी सगळ्यांचा वेळ घेतला. जिना त्यांच्या बिऱ्हाडात आहे, मी त्यावर फारशी चढणार नाही, त्यामुळं मी त्यात का पडते हे मुलाला कळेना. राष्ट्रीय इमारत संहिता घरगुती जिन्याला १९० मिलिमीटरपर्यंतची पायरी चालवून घेते, म्हणजे साडेसात इंच. मला सहा इंचांची हवी होती. दहा फुटांच्या उंचीला साडेसातनं सोळा पायऱ्या होतात, सहानं वीस. चार पायऱ्या वाढल्या, आणि मधे वळणारा जिना असल्यानं दोन्ही अंगाला पावणेदोन-पावणेदोन फूट जागा जास्त गेली, ती सुनेच्या बैठकीतून. तिला वाटलं असेल, सासूबाई आमच्या हॉलवर उठल्यात. मी तिला एवढंच म्हटलं, ‘हा जिना तुझ्या गुडघ्यांसाठी आहे गं, आत्ताच्या नाही.’ ती जरा वेळ गप्प राहिली. मग तिनंच आर्किटेक्टला विचारलं, खालचं एक कपाट आणि वरचं एक कपाट बरोबर एकमेकांवर घेता येईल का, म्हणजे पुढं-मागं मधला स्लॅब कापून छोटी लिफ्ट बसवता येईल. आर्किटेक्ट म्हणाली, येईल, पुष्कळ लोक घेतात. तेवढ्या जागेच्या चारी बाजूंनी बीम आधीच टाकून ठेवू. ‘तोवर तिथं गोधड्या,’ सून म्हणाली.

तिथं मला पहिल्यांदा दिसलं की दोन बिऱ्हाडांचा नकाशा काढताना आपण दोन घरं काढत नसतो. एकच घर काढतो, पण दोनदा राहायचं. आत्ता जी माझी खोली आहे ती उद्या तिची, आत्ता जो तिचा ओटा आहे तो तिच्या सुनेचा. भिंत तीच, माणसं अलीकडून पलीकडं सरकणार. मग तिनं मागितलेली शांतता आणि मी मागितलेला आवाज हे दोन पक्षांचे हक्क कसे? दोन्ही तिलाच लागणार आहेत, एक आज, एक नंतर. माझ्या आईलाही दोन्ही लागले होते. तिच्या म्हातारपणी ती धाकट्या भावाच्या फ्लॅटमध्ये होती, दार लोटलं की पलीकडचं काही ऐकू येत नसे, आणि ती दिवसा कितीतरी वेळा उगाच भांडं खाली ठेवायची, जरा जोरात.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती मधल्या दारावर. दोन्ही बिऱ्हाडांची बाहेरची दारं वेगळी, पण आतून एक दार हवं यावर कुणाचंच दुमत नव्हतं: पावसात पातेलं घेऊन अंगणातून कोण जाणार? प्रश्न होता कडीचा. कडी कुणाच्या बाजूला? आमच्या बाजूला असली तर आम्ही त्यांना बाहेर ठेवणार, त्यांच्या बाजूला असली तर ते आम्हाला. हे म्हणाले, कडीच नको. मुलगा म्हणाला, हो, कशाला हवी? सून काही बोलली नाही. मी तिच्या हातांकडं बघितलं. तिच्या हातात बांगड्या नसतात, एक घड्याळ असतं. आणि मीच म्हटलं, कडी हवी, दोन्ही बाजूंनी हवी. ज्याला लावावीशी वाटेल त्यानं लावावी, कारण विचारायचं नाही. मात्र आमच्या बाजूची कडी अशी बसवायची की वेळ आली तर त्यांना पलीकडून पेचकस लावून उघडता यावी. आर्किटेक्टनं मान हलवून ते लिहून घेतलं. हे म्हणाले, ‘एवढा विचार वाड्याच्या दिंडीदरवाजाचाही केला नसेल कुणी.’ खरंच आहे. तो दरवाजा चोरांसाठी होता, त्याचं काम सोपं होतं.

परवा विजेच्या पॉइंटचा कागद आला. प्रत्येक खोलीत बटणं कुठं, दिवा कुठं, पंखा कुठं, लाल टिंबांनी दाखवलेलं. माझ्या खोलीत पलंगाच्या उजव्या हाताला एक बोर्ड होता: झोपल्या झोपल्या दिवा लागावा, बेल हाताशी असावी. सुनेनं कागद आपल्याकडं ओढला, जरा वेळ बघितला आणि डाव्या बाजूला आणखी एक बोर्ड काढायला सांगितला, अगदी तसाच.

‘अगं, मला कशाला दोन्हीकडं?’ मी म्हटलं. ‘मी उजव्या हाताची आहे.’

ती डावखुरी आहे. पेन्सिल तिच्या डाव्या हातातच होती.

‘तुमच्यासाठी नाही, आई,’ ती म्हणाली आणि बोर्डाची उंची किती ते लिहायला लागली.